परसबागेत: वाण दोन घरांत ठेवा

मागच्या अंकात खतखत्यात (आपल्या गोव्याच्या मिश्र भाजीत) पडणाऱ्या कंदांवर मी चार ओळी लिहिल्या, आणि या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं त्याच विषयाची निघाली. वाचताना फार बरं वाटलं. वैशाख लागलाय, पाऊस महिन्यावर आलाय, म्हणून लावणीचे प्रश्न आधी घेते. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी राग मानू नये.

प्रश्न: माझ्या सासूबाई दरवर्षी विहिरीच्या कडेला काटेकणगं (वेलाखाली जमिनीत होणारे लहान कंद) लावायच्या. त्या गेल्या, त्यानंतर दोन वर्षं कुणी तिकडे फिरकलं नाही. परवा साफसफाई करताना मातीत तीन कंद मिळाले, एकाला कोंबही आलाय. घरची मंडळी म्हणतात, बाजारात बटाटे मिळतात, कशाला उठाठेव? लावावेत का, आणि कसे?
– एक वाचक भगिनी, काणकोण

उत्तर: ताई, हा अंक हाती पडेल त्याच दिवशी लावा. कोंब फुटलेला कंद आता टोपलीत राहिला तर सुकत जाईल.

दोन वर्षं कुणी बघितलं नाही तरी तो वेल पावसात आपला आपण उगवला, थंडीत वाळला आणि जाताना खाली कंद ठेवून गेला. काटेकणंग असंच चिवट. गड्ड्याभोवती त्याची कडक काटेरी मुळं असतात, त्यामुळे जनावराला सहज तोंड घालता येत नाही. खणताना आपल्याही हाताला तीच टोचतात, म्हणून कुदळ जरा लांबून घालायची आणि मग माती हातानं सारायची.

बटाट्याचं म्हणाल तर तो आपल्या पावसात होत नाही. घाट उतरून बेळगावहून येतो. काटेकणंग आपल्या तांबड्या मातीत, आपल्याच पावसावर, फवारणी न करता आठ-नऊ महिन्यांत तयार होतं. सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडा. गरम असतानाच अंगठ्यानं साल ओढली की कागदासारखी सुटते आणि आत पांढराशुभ्र, किंचित गोडसर गर. आमच्याकडे पौषात सकाळच्या पेजेबरोबर एवढंच असायचं, वर खोबऱ्याची कातळी. मुलांनी कधी दुसरं मागितलं नाही.

लावायची रीत सांगते. हातभर खोल खड्डा घ्या, माती भुसभुशीत करून त्यात कुजलेलं शेणखत, ओंजळभर राख आणि सुका पाला मिसळा. काटेकणंग लहान असतं, त्याचे तुकडे करू नका, अख्खंच लावा. कोंब वर, त्यावर चार बोटं माती. मग सगळीकडून माती ओढून उंचवटा करा, कारण या कंदाला पाणी हवं पण साचलेलं चालत नाही. दोन आळ्यांत दीड-दोन हात अंतर ठेवा. वेल निघाला की काठी किंवा शेवरीची फांदी द्या. पानं पिवळी पडून वाळायला लागली, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, काढा. एक लक्षात ठेवा, साल पातळ असल्यामुळे हा कंद झाडकणगाइतका (कणगाची दुसरी जात) टिकत नाही. खायचा तेवढाच काढा, बाकीचा मातीतच बरा.

शेजारी झाडकणंग असेल तर दोन्ही वेलांचा घोटाळा होतो. झाडकणगाचा वेल चौकोनी असतो, कडांना पातळ पट्ट्या असतात आणि पानं समोरासमोर येतात. काटेकणगाचा वेल गोल, बोट फिरवलं की काटे लागतात, पानं एकाआड एक. गंमत म्हणजे दोघे काठीवर एकमेकांच्या उलट दिशेनं चढतात. करांदा हाही कणगाचाच भाऊबंद, पण त्याची गोष्ट वेगळी. त्याचे कंद वेलावर, पानांच्या बगलेत लटकतात. रानातले करांदे मात्र ओळखीशिवाय खाऊ नका. काही जाती कडू आणि विषारी असतात, जुनी माणसं त्या राखेच्या पाण्यात उकडून, पाणी बदलून बदलून मगच खायची.

आता सर्वांत महत्त्वाचं. तीनपैकी एक कंद दुसऱ्या घरी द्या. माहेरी, शेजारी, कुठेही, पण दुसऱ्या जमिनीत.

भात-कडधान्याचं बी सुकवून उणे १८ अंशांवर बीजपेढीत वर्षानुवर्षं ठेवता येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय बीजपेढीत तसंच ठेवतात. कणगाला बी धरणं दुर्मिळ, त्याचं वाण कंदातूनच पुढे जातं. म्हणजे ते दरवर्षी कुणीतरी मातीत घालावं लागतं, नाहीतर काचेच्या नळीत ऊती वाढवून जपावं लागतं. तिरुवनंतपुरमला १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे अशी वाणं राखतात आणि काटेकणगाची ‘श्रीलता’सारखी निवडक जातही त्यांनी दिली आहे. पण तुमच्या सासूबाईंचं वाण तिथे असेलच असं धरून चालू नका.

हे मी पोळल्यावर सांगते आहे. आमच्याकडे, सत्तरी तालुक्यात, जांभळ्या गराचं झाडकणंग होतं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा लुगड्याच्या घडीत बांधून आणलेलं. कापलं की विळी जांभळी व्हायची, पायस केलं तर दूधही. २०२१ च्या जुलैत म्हादई नदीला पूर आला आणि खालच्या मळ्यात तीन दिवस पाणी उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर मी आळं उकरलं, तर कंदाची नुसती बुळबुळीत साल हाताला लागली. सगळं वाण त्या एका ठिकाणी होतं. मग बहिणीकडे विचारलं, नणंदांकडे विचारलं, सासूबाईंच्या माहेरीही जाऊन आले. तिथे त्या जागी आता गाडी ठेवायची शेड आहे. जांभळं कणंग बाजारात मिळतं, मी आणूनही लावलं, पण ते वेगळं आहे. गर पाणचट, रंग फिका. म्हणून म्हणते ताई, एक कंद दुसरीकडे द्याच.

प्रश्न: फागल्याचा (घाटावर करटोली म्हणतात तो) वेल कुंपणावर चांगला पसरला, गेल्या पावसात पिवळी फुलंही भरपूर आली, पण एक फळ धरलं नाही. खत कमी पडलं का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: भाऊ, खताचा काही दोष नाही. फागल्यात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा असतो. तुमच्याकडे एकच वेल असेल तर तो नर असावा, किंवा मादी असून जवळपास नर नसावा.

ओळख सोपी आहे. फूल दिवेलागणीच्या सुमारास उमलतं, तेव्हा बॅटरी घेऊन जा. पाकळ्यांच्या खाली बघा. मिऱ्याएवढी, बारीक मऊ काट्यांची गाठ दिसली तर ती मादी, ती गाठ म्हणजेच पुढचं फागलं. गाठ नसेल, नुसता बारीक देठ आणि फुलाला वाटीसारखं कवटाळणारं लहान पान असेल तर नर.

बियांतून लावलं तर नर-मादी फुलं येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे मादी वेलाच्या मुळाशी असलेला कंद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून आताच, पावसाआधी मागून आणा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. नर लांब असेल तर संध्याकाळी नराचं उमललेलं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या फुलात हलकेच टेकवायचा. आमची नात हे काम फार मन लावून करते. दुसऱ्या दिवशी फूल मिटतं, आणि गाठ धरली असेल तर दोनेक आठवड्यांत भाजी.

दिवाळीनंतर वेल वाळतो, तेव्हा मेला समजून खणू नका. खाली कंद झोपलेला असतो. तिथे दगड ठेवून खूण करा. फागलं बाजारात पावसाच्या सुरुवातीला किती महाग असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तेही बहुतेक रानातून ओरबाडून आणलेलं. कुंपणावर चार वेल धरले तर रानालाही जरा उसंत मिळेल.

प्रश्न: नीरफणसाला बी नसते, मग रोप करायचे कसे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: मुळापासून. झाडाच्या बुंध्यापासून थोड्या अंतरावर अंगठ्याएवढं मूळ उघडं करून त्याला हलकी जखम करा, पावसात तिथून धुमारा येतो. तो वीतभर झाला की मुळाच्या तुकड्यासकट वेगळा करून सावलीत पिशवीत वाढवा. किंवा वीतभर मुळाचे तुकडे वाळूत आडवे पुरून ओले ठेवा. झाड मोठं होतं, घराच्या भिंतीला चिकटून लावू नका. रव्यात घोळवलेल्या त्याच्या फोडी ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना आणखी काही सांगायला नको.

प्रश्न: आमचे खाजन (खाऱ्या पाण्याच्या नदीकाठचे, बांध घातलेले शेत) बांध फुटल्यापासून पाच वर्षे पडीक आहे. आता गावाने मिळून बांध आणि मानस (बांधातले पाण्याचे दार) दुरुस्त केली. मुलगा म्हणतो ज्योती भात पेरू, उतारा जास्त मिळेल. मी म्हणतो वडील कोरगुट भात पेरायचे, तोच आणू. कोणाचे बरोबर?
– एक वाचक, चोडण

उत्तर: भाऊ, पहिल्या एक-दोन वर्षांपुरतं तरी तुमचं बरोबर. मुलाची हिशेबाची बाजूही नीट ऐका, कारण उद्या शेत त्यालाच करायचं आहे.

पाच वर्षं खारं पाणी आत-बाहेर करत होतं, म्हणजे माती मिठानं भरलेली आहे. भाताला खारेपणा दोनदा सोसत नाही. एकदा रोप कोवळं असताना आणि एकदा फुलोऱ्यात. ज्योती खेरातल्या (खारं पाणी न शिरणाऱ्या) शेतात छान येते, पण असल्या मातीत रोपांची टोकं जळतील, आणि सप्टेंबरात पावसानं ओढ दिली की खालचं मीठ वर चढून लोंब्या पोचट राहतील. कोरगुट मिठात वाढलेलाच आहे. उंच वाढतो, पाण्यात उभा राहतो, पेंढाही लांब मिळतो. उतारा कमी हे खरं, साधारण हेक्टरी दीड-दोन टन, आणि शेवटी वाऱ्यानं लोळतो हेही खरं.

मुलाला एक मधली वाट सुचवा. जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवडून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ ही वाणं दिली आहेत. खारेपणा सोसतात आणि उतारा कोरगुटाहून जास्त. निम्म्या खाचरांत ती, निम्म्यात कोरगुट. पुढे मीठ धुऊन गेल्यावर ज्योतीचं बघा.

म्हणाल, मग कोरगुट ठेवायचाच कशाला? अहो, तो होता म्हणून तर ही वाणं निघाली. केरळातला पोक्कळी भात असाच. खाऱ्या पाण्यातल्या गरीब शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला, कुणी मोजत नव्हतं त्याला. त्याच्यातला मीठ सोसण्याचा गुण आज ‘सॉल्टॉल’ या नावानं जगभरची भातपैदास करणारी माणसं वापरतात. समुद्र चढतो आहे, आपले बांध जुने झाले आहेत. गोव्यात खाजन जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर धरतात. त्यात उद्या जे पीक उभं राहील त्याचं बी तुमच्या वडिलांसारख्यांनी राखलेलं असेल.

पेरणीची घाई करू नका. पावसाचे पहिले चार-पाच दणके पडू द्या. ओहोटीला मानशीची दारं आपोआप उघडतात आणि शेतातलं खारं पाणी नदीत जातं, भरतीला ती दाबून बंद होतात. दाराच्या फळीत काठी-चिंधी अडकली तरी भरतीचं पाणी आत शिरतं, म्हणून कुणीतरी रोज फेरी मारायलाच हवी. शेतातलं पाणी जिभेला लावून बघायची जुनी पद्धत आहे, खारट लागेनासं झालं की मोड आणलेलं बी फोका.

आणि विकताना घासून पांढरा करू नका. उकडा करा. कोरगुटाच्या तांबड्या उकड्याची पेज ज्यांना ठाऊक आहे ती माणसं पणजीत राहायला गेली तरी शोधत येतात. मुलाचा हिशेब तिथे थोडा सुटेल.

प्रश्न: आमचे आजोबा कुमेरीत (डोंगरावरचे रान जाळून केलेल्या शेतीत) नाचणी आणि वरी करायचे, आम्ही ते गरिबीचे खाणे म्हणून सोडले. आता तीच नाचणी चकचकीत पुडीत महाग मिळते. ती खरेच इतकी पौष्टिक आहे का, की नुसती जाहिरात? आमच्या मोरडात (उंचावरच्या, पावसावरच्या शेतात) पुन्हा करता येईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: पौष्टिक आहेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आहे, तांदळात दहाच्या आसपास. नाचणीत फायटेट नावाचं, कॅल्शियम धरून ठेवणारं द्रव्य असतं, त्यामुळे ते सगळं अंगी लागत नाही. भिजवून मोड आणले तर जास्त लागतं. आपल्या बायका बाळाला सत्त्व देताना मोड आणायच्या, वाळवायच्या, दळायच्या, वस्त्रगाळ करायच्या. त्यांनी तक्ते पाहिले नव्हते.

गरिबीचं खाणं हा शब्द मला लागतो. चैत्रात उन्हातून आलेल्या माणसाला आई तिजण द्यायची. नाचणी भिजवून वाटून गाळलेली, नारळाचा रस, गूळ, चिमूट मीठ, आणि गाठ होऊ नये म्हणून एका दिशेनं ढवळत राहायचं. थंड झालं की पितळी वाडग्यात थरथरायचं. तेव्हा ते गरिबीचं वाटलं नव्हतं. पाहुणे चहा पिणारे येऊ लागले तेव्हापासून वाटू लागलं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, फलक लागले, पुड्या निघाल्या. त्या पुडीतले पैसे गोव्यातल्या मोरडात किती आले, हा माझा प्रश्न आहे.

डोंगर जाळून कुमेरी करा असं मी म्हणणार नाही, ते रान आता तोडायला शिल्लक नाही. मोरडात मात्र जरूर करा. आताच वाफ्यात बी टाका, तीन आठवड्यांची रोपं झाली की वीतभर अंतरानं लावा. नाचणीला भातासारखं तूस नसतं. झोडपली, पाखडली की साध्या गिरणीत दळता येते. वरी सुटण्याचं मोठं कारण तेच तूस. तासन्‌तास मुसळ कोण घालणार? बायकांच्या खांद्यांचा विचार न करता ‘जुनं धान्य परत आणा’ म्हणण्यात अर्थ नाही. गावात तूस काढायचं लहान यंत्र आलं तरच वरी परतेल.

खरी अडचण पाखरांची आणि रानडुकरांची. एकट्याच्या दोन वाफ्यांवर सगळ्या गावची पाखरं बसतात. शेजारच्या चार घरांनी एकाच आठवड्यात लावली तर नुकसान वाटलं जातं, राखणही वाटून घेता येते.

प्रश्न: चौधारी घेवड्याचा वेल जूनमध्ये लावला, सप्टेंबरपर्यंत नुसताच वाढला. वैतागून उपटला. बी खराब होते का?
– एक वाचक, सांगे

उत्तर: अरेरे, महिनाभर थांबायला हवं होतं. बी उत्तम असणार. या वेलाला दिवस लहान झाल्याशिवाय कळी येत नाही, आपल्याकडे ऑक्टोबरात निळी फुलं येतात आणि मग चार पंख असलेल्या शेंगांचा घोस. यंदा पुन्हा लावा. पानं, फुलं, कोवळ्या शेंगा, मुळाचा कंद, सगळं खाता येतं आणि वाळलेल्या दाण्यात प्रथिनं जवळजवळ सोयाबीनइतकी. १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं या घेवड्यावर खास अहवाल काढला होता, तरी आपल्या बाजारात तो अजून वाट्यानं विकायला बसलेल्या एखाद्या आजीकडेच दिसतो.

प्रश्न: मी नववीत शिकते. शाळेच्या प्रकल्पासाठी ‘दुर्लक्षित पिके’ हा विषय घेतला आहे. माहिती कुठे मिळेल? आम्ही म्हापशात फ्लॅटमध्ये राहतो.
– एक विद्यार्थिनी

उत्तर: बाळा, तू अगदी योग्य गावात राहतेस. एक आकडा आधी वहीत लिही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की माणूस अन्नासाठी सुमारे सहा हजार वनस्पती लावतो, पण जगाच्या एकूण पीक-उत्पादनातला ६६ टक्के वाटा फक्त नऊ पिकांचा आहे. उरलेल्यांतली कितीतरी तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर विकायला येतात.

शुक्रवारी सकाळी लवकर बाजारात जा. सध्या पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी चालू आहे, गावागावांतून बायका कुळीथ, अळसांदे, सोलं, मिरच्या आणि लावणीचे कंद घेऊन बसतात. दुकानं सोड, जमिनीवर गोणपाट अंथरून बसलेल्यांकडेच जा. आधी थोडं काहीतरी विकत घे, मग विचार. याचं नाव काय? घरचं आहे का? बी तुम्हाला कुणी दिलं? नाव त्या सांगतील तसंच लिही, सुधारून लिहू नकोस. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जणी सासू, आई किंवा आत्या सांगतील, तेही लिही. लिहून झालं की एक प्रत त्यांच्या ग्रामपंचायतीत दे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, तुझी पानं तिथे उपयोगी पडतील.

आणि काटेकणगं मिळाली तर दोन घे. एक आईला उकडायला सांग. दुसऱ्यासाठी सिमेंटचं रिकामं पोतं शोध, तळाला भोकं पाड, माती, शेणखत आणि पाला भरून गॅलरीत ऊन येतं तिथे ठेव. वेल ग्रिलवर चढेल. जानेवारीत पानं वाळली की पोतं उलटं कर आणि किती निघाली ते मला कळव. एक काणकोणच्या ताईंसाठी बाजूला ठेव, त्यांचा पत्ता मी त्यांना विचारून तुला पाठवीन.